दाराआडचे दुःख आणि दिल्लीचे खाते

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, म्हणून आपल्या चिटणीसबाई तीन वेळा घरी येऊन गेल्या. पाककृती नको, प्रवासवर्णन नको, इतिहासाचे काही द्या, असा त्यांचा आग्रह. शाळेत इतकी वर्षे मी इतिहास शिकवला. लढाया, तह आणि राज्यारोहणे यांच्या सनावळ्या मुलींकडून घोकून घेतल्या. परंतु घरात मार खाणाऱ्या बाईने आणि तिच्या पदराआड उभ्या असलेल्या मुलाने कोणाच्या दाराशी जावे, यालाही एक इतिहास आहे. तो मी कधी शिकवला नाही. आज तो लिहावासा वाटतो. कारणही सांगते.

१९७८ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा एका जुन्या वाड्यात राहत होतो. शेजारच्या बिऱ्हाडाची आणि आमची भिंत एकच. त्या घरातला माणूस बाहेर अगदी सज्जन. वाटेत भेटला तर मान खाली घालून नमस्कार करी. परंतु महिन्यातून चार-सहा वेळा रात्री भिंतीपलीकडून आवाज येऊ लागत, आणि मग सहा-सात वर्षांची त्यांची मुलगी पाटी घेऊन आमच्या उंबऱ्यावर येऊन बसे. “मावशी, इथे बसून पाढे लिहू?” एवढेच विचारी. दोनपासून सुरुवात करी आणि पलीकडे शांत होईपर्यंत लिहीत राही. कधी बारापर्यंत पोहोचे, कधी सतरापर्यंत. मी तिच्या हातावर लाडू ठेवी आणि रेडिओचा आवाज वाढवीत असे.

तिची आई एके दिवशी मंडळात आली. काही मागायला नव्हे, फक्त सांगायला. आम्ही चौघी-पाचजणी होतो. “भांड्याला भांडे लागायचेच, पोरीकडे बघून दिवस काढ,” असे तिला सांगितले. हे सांगणाऱ्यांत मीही होते. पुढे वर्षभरात त्यांनी बिऱ्हाड हलवले. ती मायलेक कोठे गेली, ते कळले नाही.

आम्ही निर्दय होतो, असे मला वाटत नाही. पण त्या बाईने जावे असे दुसरे ठिकाण आम्हांला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याची धडपडही आम्ही केली नाही. आज सरकारात या कामाचे स्वतंत्र खाते आहे, खात्याला मंत्री आहे, कायदा आहे, अधिकारी आहे. हे सारे कसे घडत गेले, ते मी अलीकडे ओळीने वाचून काढले. वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा ध्यानात आली. सरकारला मुलाचे दुःख लवकर दिसले, आईचे फार उशिरा. आणि ही दोन्ही दुःखे एकाच खोलीतली आहेत, हे तर सर्वांत शेवटी.

आरंभ आपल्या पुण्यापासूनच करावा लागतो. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी तेथे यावे, बाळंत व्हावे, मूल हवे तर ठेवून जावे, अशी ती सोय. त्या काळी अशा बाईपुढे दोनच वाटा असत, विहीर नाहीतर मुलाची मान. फुले दांपत्याने तिसरी वाट काढली आणि १८७४ मध्ये अशाच एका विधवेचा मुलगा दत्तक घेऊन यशवंत हे त्याचे नाव स्वतःच्या घराला जोडले. १८७५ मध्ये पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या लोकांनी टाकलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम सुरू केला. यात सरकारचा पुढाकार नव्हता. ज्यांना ते दुःख बघवले नाही, त्यांनी आपल्या अंगणात त्याला जागा दिली, एवढाच त्याचा अर्थ.

मग सरकार त्या काळी काय करीत होते? रखमाबाईंचा खटला त्याचे उत्तर देतो. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी मोठी झाल्यावर नांदायला जाण्यास नकार देती झाली. १८८४ मध्ये तिच्या नवऱ्याने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. परंतु अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंगात जाण्यास तयार झाल्या. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि त्या पुढे विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. या खटल्यातली गोम लक्षात घेण्यासारखी आहे. घराचा उंबरठा सरकारने ओलांडलाच नाही, असे नव्हे. ओलांडला, पण बाईचा हात धरून तिला आत घालण्यासाठी. दाराला कडी लावण्याचे काम तेवढे सरकारकडे होते.

मुलांच्या बाबतीत मात्र कायद्याचे मन थोडे लवकर द्रवले. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन दहाचे वय बारा झाले, आणि त्यावरून आपल्या महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, हे सर्वांना ठाऊक आहे. १९२९ मध्ये सारडा कायदा झाला. मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले. १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा झाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. उमरखाडीचे बालगृह मुंबईकर भगिनींनी बाहेरून तरी पाहिले असेल. रस्त्यावरचे, बेवारशी, चोरीच्या वाटेला लागलेले मूल सरकारला दिसू लागले होते. परंतु ज्या मुलाला घर आहे, आईबाप आहेत, आणि तरीही जे उंबऱ्यावर बसून पाढे लिहीत आहे, ते मात्र कोणाच्या वहीत नव्हते.

याच सुमारास आपल्या बायकांनी मुलांच्या शिक्षणाचे जे काम उभारले, त्याचा उल्लेख येथे करायलाच हवा. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, या विचारातून अंगणवाडी आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. आज देशभर सरकारी पाटीवर जो ‘अंगणवाडी’ शब्द आपण वाचतो, तो आधी या दोघींच्या तोंडी होता. सरकारने तो नंतर उचलला.

स्वातंत्र्य आले. आता तरी एखादा मंत्री या कामासाठी नेमला जावा, असे वाटणे साहजिक होते. तसे झाले नाही. झाले ते निराळेच, आणि त्या वेळेपुरते कदाचित योग्यही. १९५३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. दुर्गाबाई आंध्रच्या, राजमहेंद्रीच्या. आठव्या वर्षी लग्न लागलेल्या. कळत्या वयात त्या लग्नातून स्वतः बाहेर पडलेल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या. पुढे वकील झालेल्या. १९३७ मध्ये मद्रासला त्यांनी आंध्र महिला सभा काढली. १९५३ च्या जानेवारीत त्या आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चिंतामणराव देशमुखांशी विवाहबद्ध झाल्या. चिंतामणराव तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते.

दुर्गाबाईंचे म्हणणे असे, की हे काम गावोगावच्या संस्था आधीपासून करीत आहेत. सरकारने नवी कचेरी थाटण्यापेक्षा त्या संस्थांचे हात बळकट करावेत. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी चार कोटी रुपयांची तरतूद झाली. शिवणवर्ग, बालवाड्या, बाळंतपणाची सोय, प्रौढ स्त्रियांसाठी छोटे अभ्यासक्रम यांना अनुदान मिळू लागले. आपल्यासारखी कितीतरी मंडळे त्या काळी या पैशावर उभी राहिली. शिलाईयंत्रावर बसलेली बाई चार पैसे मिळवू लागली, हे काही थोडे नव्हे. परंतु शिवणवर्गात येणाऱ्या बाईच्या दंडावरचा वळ हा अनुदानाच्या कोणत्याच सदरात बसत नव्हता. त्याबद्दल बोलायचे नाही, ही रीत आम्ही मंडळांनीही पाळली.

कायद्याचीही तीच रीत. हिंदू संहितेसाठी कायदेमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर किती झगडले आणि ती रखडल्यावर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा कसा दिला, हे आपण जाणतो. पुढे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा झाला. पण त्यात नवऱ्याच्या क्रूरपणासाठी बाईला वेगळे राहण्याची परवानगी तेवढी मिळे, घटस्फोट नव्हे. क्रूरता हे घटस्फोटाचे कारण झाले ते १९७६ च्या दुरुस्तीने. दंडसंहितेत मारहाण हा १८६० पासून गुन्हा होताच. परंतु साधी मारहाण अदखलपात्र. चौकीत गेले तर वहीत एक ओळ लिहीत आणि “जा, मिटवून घ्या” म्हणत. माझी शेजारीण १९७८ मध्ये आमच्याकडे आली, तेव्हा तिच्यासाठी सरकारात एवढीच तजवीज होती.

दिल्लीत समाजकल्याणाचे खाते १९६० नंतरच्या काळात आकाराला आले होते. १९७१ मध्ये सरकारने स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्षा फुलरेणू गुहा. चिटणिसाची जबाबदारी वीणा मजुमदार यांनी पार पाडली. १९७४ च्या अखेरीस या समितीचा ‘समानतेकडे’ या आशयाच्या नावाचा अहवाल आला. स्वातंत्र्यानंतर बायकांचे बरे चालले आहे, ही समजूत त्याने मोडून काढली. त्याच वर्षी मुलांसाठीचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडी सरकारी झाली ती येथे. मुलाला खाऊ मिळू लागला, लस मिळू लागली, वजन होऊ लागले. मूल रात्री का झोपले नाही, हे विचारण्याचा रकाना मात्र अजून निघायचा होता.

१९८० च्या सुमारास चित्र पालटू लागले. हुंड्यापायी सुना जळाल्याच्या बातम्या रोज छापून येत. पुण्यामुंबईत, दिल्लीत बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये दंडसंहितेत कलम ४९८अ घालण्यात आले आणि नवरा किंवा सासरची माणसे यांनी केलेला छळ प्रथमच स्वतंत्र गुन्हा ठरला. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुले यांच्यासाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्याच इमारतीत एक समाजसेविका बसेल, बाईचे म्हणणे आधी ऐकून घेईल, मग पुढचे ठरेल, ही कल्पना साधी. पण तिने फार काम केले. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने ती उचलून जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. येथेही संस्था पुढे आणि सरकार मागे, हाच क्रम.

१९८५ मध्ये केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्रालयाखाली महिला व बालविकास विभाग निघाला. त्याचा कारभार राज्यमंत्री मार्गारेट अल्वा यांच्याकडे आला. या मंगळूरच्या. त्यांच्या सासूबाई व्हायोलेट अल्वा या स्वातंत्र्यानंतर मुंबईत बाल न्यायालयाच्या अध्यक्षा होत्या आणि पुढे राज्यसभेच्या उपसभापती झाल्या. सासूने मुलांचा न्याय केला आणि सुनेकडे महिला-मुलांचे खाते आले. घराण्यातून चालत आलेल्या पाककृतींसारखाच हाही एक वारसा. आपल्या राज्यातही १९९३ मध्ये महिला आयोग आला आणि १९९४ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना पहिले महिला धोरण जाहीर झाले.

तरीही एक उणीव होती, ती कलम ४९८अ वापरणाऱ्यांना लवकर कळली. तक्रार दिली की नवरा कोठडीत जाई. पण बाईला उद्या राहायचे कोठे, मुलांची फी कोणी भरायची, मुले कोणाजवळ राहायची, याचे उत्तर त्या कलमात नव्हते. बहुतेक बायकांना नवऱ्याला तुरुंगात घालायचे नसते. मार थांबायला हवा असतो आणि डोक्यावर छप्पर हवे असते. म्हणून फौजदारीखेरीज दिवाणी स्वरूपाचा कायदा हवा, अशी मागणी वकील आणि स्त्री-संघटना करू लागल्या. इंदिरा जयसिंग आणि त्यांच्या लॉयर्स कलेक्टिव्हने त्याचा मसुदाही तयार केला.

२००२ च्या मार्चमध्ये सरकारने लोकसभेत एक विधेयक आणले. ते वाचून या स्त्रियांनी कपाळाला हात लावला. त्यात, वारंवार मारणे ही सवय असेल तर हिंसा, असा सूर होता. आणि स्वतःच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी पुरुषाने काही केले तर ते हिंसेत धरू नये, अशीही पळवाट होती. म्हणजे पहिली थप्पड माफ! विरोध झाला, विधेयक संसदेच्या समितीकडे गेले, आणि २००४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते बारगळले.

नंतरच्या सरकारात हा विभाग कांती सिंह या राज्यमंत्र्यांकडे होता. त्या बिहारमधल्या आरा मतदारसंघातून निवडून आलेल्या. नव्याने घडवलेले विधेयक त्यांनी २००५ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत मांडले, आणि त्याच महिन्यात दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, असे त्याचे लांबलचक नाव.

हा कायदा अंमलात यायच्या आतच दुसरी एक गोष्ट घडली. ३० जानेवारी २००६ रोजी महिला व बालविकास विभागाचे स्वतंत्र मंत्रालय झाले, आणि स्वतंत्र कार्यभार असलेल्या राज्यमंत्री म्हणून रेणुका चौधरी तेथे आल्या. त्या आंध्रच्या, खम्ममच्या खासदार. स्पष्ट बोलण्याबद्दल प्रसिद्ध. त्याच वर्षी निराधार मुले, दत्तकविधान, बाल न्याय हे विषय सामाजिक न्याय मंत्रालयाकडून काढून या नव्या मंत्रालयाला देण्यात आले. वरकरणी ही कागदांची देवघेव. पण मला ती या साऱ्या इतिहासातली मोठी घटना वाटते. तोवर मार खाणारी आई एका कचेरीत आणि घरातून पळालेला तिचा मुलगा दुसऱ्या कचेरीत, अशी वाटणी होती. आता दोघांची फाईल एका टेबलावर आली.

२६ ऑक्टोबर २००६ पासून कायदा सुरू झाला. त्याची कलमे आपल्या मंडळाच्या प्रत्येक सभासदाने एकदा तरी समजून घ्यावीत. हिंसा म्हणजे केवळ हात उगारणे नव्हे. शिवीगाळ, अपमान, लैंगिक जुलूम, खर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन काढून घेणे, हे सारे त्यात आले. संरक्षण पत्नीलाच नव्हे. आई, बहीण, मुलगी, विधवा भावजय यांनाही आहे. घर कोणाच्याही नावावर असो, तेथे राहण्याचा हक्क बाईला आहे. दंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतो. अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत लागावी आणि पुढे साठ दिवसांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि आणखी एक. मारणाऱ्या पुरुषाला घराबाहेर जाण्याचा हुकूम दंडाधिकारी देऊ शकतो. रखमाबाईंना घरात जा म्हणून सांगणारा निकाल १८८७ चा. मारणाऱ्याला घराबाहेर जा म्हणून सांगणारा कायदा २००६ चा. मध्ये ११९ वर्षे गेली.

पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, या मंत्रालयाने मुलांच्या छळाविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केलेला होता. दर तीन मुलांपैकी दोघांनी मारहाण सोसली होती. ज्यांना कुटुंबात मार बसला, त्यांतल्या ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. आईवडील म्हटले की त्यात आईही आली. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. वरवंटा पाट्यावर आपटतो आणि पाटा जमिनीवर. आईच्या पाठीवरचा मार पुढे मुलाच्या पाठीवर उतरतो, हे आपण घरोघर पाहिलेले आहे. आईला वाचवले तरच मूल वाचते, आणि म्हणूनच ही दोन्ही कामे एका मंत्र्याकडे असणे योग्य आहे.

त्यानंतर या वाटेवर भर पडत गेली. २०१२ मध्ये, कृष्णा तीरथ मंत्री असताना, लैंगिक अत्याचारांपासून मुलांचे रक्षण करणारा पोक्सो कायदा झाला. २०१४ मध्ये मनेका गांधी आल्या, तेव्हा या मंत्रालयाला प्रथमच कॅबिनेट दर्जाचा मंत्री मिळाला. २०१५ पासून ‘सखी’ नावाची केंद्रे निघाली; तेथे डॉक्टर, पोलीस, वकील आणि चार दिवस निवारा यांची एकत्र सोय व्हावी, असा हेतू. जुनी दंडसंहिता १ जुलै २०२४ रोजी गेली, आणि ४९८अ ची जागा न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांनी घेतली.

म्हणजे सारे झाले का? नाही. संरक्षण अधिकारी हा या कायद्याचा कणा. परंतु कितीतरी ठिकाणी आधीच कामाने वाकलेल्या अधिकाऱ्याकडेच हा जादा कार्यभार सोपवला गेला. साठ दिवसांचा निकाल साठ दिवसांत लागतोच, असेही नाही. आणि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले, की १८ ते ४९ वयाच्या विवाहितांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. याच पाहणीत, काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्यच, असे म्हणणाऱ्या स्त्रिया ४५ टक्के होत्या आणि पुरुष ४४ टक्के. पुरुषांपेक्षा आपणच एका टक्क्याने पुढे! ज्यांनी हिंसा सोसली, त्यांपैकी कोणाची तरी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. दिल्लीतला मंत्री कितीही कर्तबगार असला, तरी उरलेल्या बायकांच्या दाराशी त्याचा हात पोहोचत नाही. त्या बायका, पोहोचल्याच तर, आपल्यासारख्या शेजारणीपर्यंत पोहोचतात.

म्हणून शेवटी या कायद्याच्या चौथ्या कलमाविषयी सांगते. ते लहान आहे. घरात हिंसा घडली आहे, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे, असे ज्याला सकारण वाटते, असा कोणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाही. पोक्सोमध्ये तर मुलावरचा अत्याचार ठाऊक असूनही न कळवणे हाच गुन्हा आहे. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, या सबबीवर आम्ही जन्म काढला. कायद्याने ती सबब काढून घेतली. सेवा देणारी संस्था म्हणून आपल्यासारख्या नोंदणीकृत मंडळालाही या कायद्यात जागा आहे. बाईच्या इच्छेने कौटुंबिक घटना अहवाल लिहून घेणे, तिला दवाखान्यात नेणे, निवाऱ्यापर्यंत पोहोचवणे, हे मंडळ करू शकते. कार्यकारिणीने या वर्षी त्या नोंदणीचा विचार करावा, आणि सभागृहातल्या फळ्यावर, भजनाच्या वेळापत्रकाशेजारी, महिलांसाठी १८१ व मुलांसाठी १०९८ हे दोन क्रमांक कायमचे लिहून ठेवावेत, अशी माझी विनंती आहे.

आमच्या उंबऱ्यावर बसणारी ती मुलगी आज पन्नाशी ओलांडून गेली असेल. कदाचित तिला नातवंडेही असतील. तिला मी कधी काही विचारले नाही. विचारले असते, तर तिने उत्तर दिलेच असते, असे नाही. पण निदान तिला कळले असते, की भिंतीच्या या बाजूलाही ऐकू येते. आता माझ्या घरात रेडिओ नाही. आणि रात्री कोठून आवाज आला, तर मी उठून दाराशी जाते.